क्लबचे जुने फोटो भंगारात जाऊ देऊ नका

मा. संपादक,

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या फुटबॉल क्लबच्या खोलीचे छप्पर बदलायचे काम सुरू आहे. काम गरजेचेच होते. पण खोली रिकामी करताना कप, ढाली, चौकटीतले फोटो, सभांची रजिस्टरे, जुन्या स्पर्धांची हँडबिले असे सगळे सिमेंटच्या गोण्यांत कोंबून व्हरांड्यात ठेवले आहे. पाऊस तोंडावर आला आहे. ‘एवढे जुने सामान ठेवायचे कुठे?’ अशी भाषाही कानावर येऊ लागली आहे, म्हणून हे पत्र.

कपांची मला तितकी काळजी नाही. ते चकाकतात, त्यामुळे कोणी ना कोणी ते उचलून ठेवतोच. खरा धोका कागदांना आहे. त्या गोणीत सत्तरच्या दशकातला एक फोटो आहे. भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात आमचा संघ उभा आहे, निम्मे खेळाडू अनवाणी. मागे बॉलपेनने नावे लिहिली होती, त्यातली अर्धी कसरीने खाल्ली. उरलेले चेहरे कोणाचे, हे सांगू शकणारी माणसे आता गावात दोन-तीनच आहेत. कप हरवला तर दुसरा करून घेता येईल. ही नावे मात्र त्या माणसांबरोबरच जातील, आणि मग तो फोटो असून नसल्यासारखा.

गोव्याच्या फुटबॉलची गोष्ट १८८३ साली फादर विल्यम लायन्स यांच्यापासून, बार्देशातल्या शिवोली गावापासून सांगितली जाते. १९८३ मध्ये संतोष ट्रॉफी ही राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा आपण बंगालबरोबर वाटून घेतली आणि १९८४ मध्ये ती एकट्याने जिंकली. भारताचे माजी गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या गोव्याला अभिमान वाटला. धेंपो, साळगावकर या क्लबांच्या विजयांची नोंद वर्तमानपत्रांत सापडते. पण या मोठ्या संघांमागे ज्या वाड्यावाड्यांवरच्या स्पर्धा होत्या, त्यांचे दप्तर कोणाकडे आहे? ते अशाच गोण्यांत आहे. आमच्या रजिस्टरात बॉल विकत घ्यायला कोणी किती वर्गणी दिली, पंचांच्या चहापाण्याला काय खर्च आला, कोणाला का वगळले, त्यावरून सभेत कसा वाद झाला, हे सारे लिहिलेले आहे. गावाचा इतका खरा इतिहास दुसरीकडे कुठे मिळणार?

चांगल्या हेतूनेही नुकसान होते. एका ढालीला चिंच आणि राख लावून इतके घासले आहे की वरचा मुलामा जाऊन पितळ दिसते आणि साल वाचता येत नाही. दमटपणाने काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकट त्याचा फोटो घ्यावा. लॅमिनेशन तर करूच नये, ते पुन्हा सुटत नाही. रजिस्टरे मांजरपाटात गुंडाळून जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता लोखंडी कपाटात ठेवली तर वाळवीपासून वाचतात. याला फार पैसा लागत नाही.

क्लबच्या समितीने आमसभेत ठराव घेऊन हे सामान गावाचे म्हणून नोंदवावे, म्हणजे समिती बदलली तरी ते कोणाच्या घरी जाणार नाही. पंचायतीने एक कपाट द्यावे. पणजीत पाट्टो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचा मोठा साठा आहे. आमच्या हँडबिलांवरच्या तारखा त्यांच्याशी ताडून पाहता येतील, कॉलेजच्या मुलांनी हे काम जरूर हाती घ्यावे.

नावांसाठी चतुर्थीइतकी चांगली वेळ नाही. मुंबई-पुण्याला गेलेले, परदेशात असलेले जुने खेळाडू आणि त्यांच्या घरची माणसे तेव्हा मूळ घरी येतात. फोटोंच्या प्रती देवळाच्या मंडपात मांडून प्रत्येक चेहऱ्यासमोर नाव लिहून घ्यावे. जुने खेळाडू बोलू लागले की मोबाइलवर त्यांचा आवाजही टिपून ठेवावा. तोवर त्या गोण्या व्हरांड्यातून आत कोरड्या जागी हलवाव्यात, एवढे तरी या आठवड्यात व्हायलाच हवे. उचलायला आम्ही काही जण तयार आहोत. समितीने फक्त जागा सांगावी.

– एक वाचक, डिचोली