साडेसात मात्रांचा क्लिक लावून देणाऱ्या रेकॉर्डिस्टदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

अल्बम मास्टर होऊन हातात आला. फोनवर आभार मानून झालेच, पण तुमच्या कामातल्या काही गोष्टी फ्यूजन रेकॉर्ड करायला निघालेल्या दुसऱ्या बँडनाही उपयोगी पडतील, म्हणून हे जाहीर पत्र.

सगळ्यात आधी क्लिक, म्हणजे लय धरायला वादकांच्या कानात वाजणारी टिकटिक. साडेसात मात्रांच्या रचनेला साधा मात्रेमात्रेचा क्लिक दिला की पहिलं आवर्तन नीट जातं, दुसऱ्याची सम (पहिली मात्रा) मात्र दोन टिकटिकींच्या मधोमध पडते, तिसऱ्याची पुन्हा जुळते. ड्रमर बरोबर वाजवत असतो आणि खापर त्याच्यावरच फुटतं. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये १५/८, म्हणजे पंधरा अर्ध्या मात्रांचं आवर्तन, लावलंत, ४+४+४+३ अशी फोड केलीत, टिकटिक फक्त गटाच्या तोंडाशी ठेवलीत आणि समेला वेगळा आवाज दिलात. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत अर्धी मात्रा ३०० मिलिसेकंदांची, म्हणजे आवर्तन साडेचार सेकंदांचं. मधली जागा मोकळी राहिल्याने ड्रम्स आणि तबला एकमेकांना ऐकत वाजले. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक फ्यूजन बँडच्या १९७३च्या 'बर्ड्स ऑफ फायर' अल्बमची पहिली रचना १८/८ मध्ये आहे. ते ऐकून ज्यांचे हात शिवशिवतात, त्यांनी अशी फोड आधी कागदावर मांडावी.

तबल्यासाठी एसी दोन तास आधी सुरू करायचा, मग तबला मिळवायचा, आणि टेक संपेपर्यंत रिमोटला हात लावायचा नाही. पावसाळ्यात पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, दमट असते. थंड, कोरड्या हवेत ती ताणते आणि स्वर चढतो. कीबोर्ड ४४० हर्ट्झच्या सुरावर ठाम बसलेला असतो, त्यामुळे तासाभराने पंच-इन केलेला (मध्येच नव्याने वाजवून घातलेला) तुकडा आधीच्याला जुळत नाही. असा तुकडा पिच करेक्शनने खाली ओढला की चाटेचा (पुडीच्या काठाच्या बोलाचा) कडकपणा जातो.

डग्गा आणि किक (ड्रम्समधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम) यांच्या भांडणात तुम्ही ईक्यूला, म्हणजे आवाजाचे पट्टे कमी-जास्त करण्याला, हातच घातला नाहीत, हे आम्हाला सगळ्यात आवडलं. दोघांचा खर्ज साधारण एकाच पट्ट्यात असतो. किक पातळ केली तर गिटारचा जोरकस भाग लंगडा पडतो, डग्गा पातळ केला तर त्याची मींड (घसरता स्वर) ऐकूच येत नाही. तुम्ही ड्रमरला एवढंच सांगितलंत, "डग्गा बोलत असताना पाय उचल."

बेस गिटारचं दुखणं वेगळं होतं. गिटारची लाइन तारेने सरळ घेतली होती आणि ॲम्पपुढे सुमारे ३४ सेंटिमीटरवर माइकही होता. तेवढं अंतर कापायला आवाजाला १ मिलिसेकंद लागतो, आणि ५०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीचं तेवढ्यात अर्धं आवर्तन होतं. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की नेमका तिथला आवाज खाल्ला जातो, म्हणजे बोटांचा करकरीतपणाच. पोलॅरिटीचं (लहर उलटी करण्याचं) बटण दाबून तो खड्डा भरतो, पण खालचा खर्ज जातो. तुम्ही माइकचा ट्रॅक ४८ सॅम्पल आधी सरकवलात (सेशन ४८ किलोहर्ट्झचं, म्हणजे मिलिसेकंदाला ४८ सॅम्पल), आणि बेस जागेवर आला.

कापाकापीबद्दल आमच्यात मतभेद होते. निर्माते टिओ मासेरो यांनी १९६९मध्ये जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे' अल्बमच्या टेप कापून जोडल्या, एक अख्खा भाग उचलून शेवटी पुन्हा लावला. त्यामुळे फ्यूजनमध्ये कात्री निषिद्ध, असं कुणी म्हणू नये. तुमचा नियम मात्र चोख: सोलो अखंड घ्यायचा, जोड समेवर द्यायचा, तोही क्रॅश झांजेच्या आघाताच्या अगदी आधी, म्हणजे आधीच्या टेकमधल्या झांजेची तुटलेली लांब आस नव्या आघाताखाली झाकली जाते. सोलोच्या पोटात जोड दिला की वादकाचा दम मध्येच बदलल्यासारखा वाटतो, आणि ते कान असलेल्याला कळतं.

मास्टरिंगला फाइल देताना लिमिटर (आवाजाची शिखरं दाबून एकूण आवाज मोठा करणारं साधन) काढून दिलात, तेही बरं केलंत. स्पॉटिफाय एरवीही आवाज -१४ लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास आणून ठेवतं. मग ठोकून मोठा करायचा कशाला?

कव्हरवर तुमचं नाव 'विशेष आभार'मध्ये टाकलेलं नाही. वादकांच्या यादीला लागूनच, त्याच टाइपात, 'ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग' असं छापलंय. डिस्ट्रिब्यूटरच्या फॉर्ममध्येही भरलंय. टेम्पो मॅपची (क्लिकच्या या मांडणीची) फाइल कुणी मागितली तर द्यायला तुमची हरकत नसावी, असं गृहीत धरलंय. असेल तर कळवा.

तुमचे,
बँडमधले सगळे