जुलै १९१४ शिकवण्याआधी

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

जो विषय इतकी वर्षे शिकवला, त्याची आता नव्याने तयारी कसली, असे तू फोनवर विचारलेस. पुढच्या सत्रात विद्यापीठात विसाव्या शतकातील युरोपचा इतिहास पुन्हा शिकवायचा, म्हणून जुनी टिपणे काढली आणि ती जशीच्या तशी वर्गात नेता येणार नाहीत हे पहिल्याच बैठकीत ध्यानात आले. त्यांत डिसेंबर १९९१ मधले सोव्हिएत संघाचे विघटन शेवटच्या अर्ध्या पानात उरकले आहे, कारण त्या वेळच्या विद्यार्थ्यांनी ते वर्तमानपत्रांतून वाचलेले होते. आता समोर बसणाऱ्या मुलांचा जन्मच त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेला, तेव्हा शीतयुद्धाचा शेवटही त्यांना आरंभाइतकाच सविस्तर सांगावा लागेल.

तासिका मात्र वाढत नाहीत. म्हणून पहिल्या महायुद्धातील लढायांची जंत्री मी बरीच छाटली आहे. व्हर्दून आणि सोम एकाच व्याख्यानात येतील. (जुन्या सहकाऱ्यांना हे रुचणार नाही, पण लढायांचा तपशील कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतो.) वाचलेला वेळ जुलै १९१४ ला द्यायचा आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीने २३ जुलैला ४८ तासांची मुदत घालून सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला. सर्बियाने २५ तारखेला बऱ्याच अटी कमी-अधिक प्रमाणात मान्य केल्या, पण सारायेव्होत झालेल्या ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येच्या आपल्या भूमीवरील चौकशीत ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांना सहभागी करून घेण्यास नकार दिला. ते उत्तर वाचून ऑस्ट्रियाच्या मित्रराष्ट्राचे, जर्मनीचे सम्राट कैसर विल्हेल्म यांनी २८ तारखेला त्यावरच शेरा लिहिला, की आता युद्धाचे कारणच उरलेले नाही, आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले! खलिता, उत्तर आणि शेरा मुलांच्या हाती द्यायचे आणि युद्ध टाळणे नेमके कुणाच्या हाती होते, हे त्यांनाच कागदांतून शोधायला लावायचे, असा माझा बेत आहे.

युद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहातील, युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर टाकणारे २३१ वे कलम आणि जर्मनीवर मुख्य ठपका ठेवणारी जर्मन इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांची १९६१ मधील मांडणी हे सारे त्यानंतर. निवाडा आधी ऐकला की मुले कागदांत तेवढाच शोधतात. २०१४ च्या शताब्दीच्या सुमारास या प्रश्नावर इतके लिहिले गेले, की नुसती निवड करण्यातच माझ्या दुपारी जात आहेत. रशिया आणि सर्बिया यांच्या वाट्याची जबाबदारी तपासणारे लेखन मी आवर्जून घेतले आहे, कारण ते फिशर यांच्यासमोर ठेवले की वर्गात खरा वाद झडेल.

सोबत तिन्ही कागदांचे उतारे पाठवते आहे. तुझा इतिहासाशी संबंध शाळेतच संपला, म्हणूनच तू ते वाचावेस असे वाटते. जिथे अडशील तिथे पेन्सिलीने खूण कर आणि सत्र सुरू होण्याआधी परत पाठव, म्हणजे तेवढ्या जागी तळटीप घालता येईल.

तुझी,
आई