डॉल्बी मोजता, मग रोजच्या ट्रॅफिकचा आवाज कोण मोजणार?

संपादक साहेब, नमस्कार.

गणपती आले की आपल्या कोल्हापुरात डेसिबल हा शब्द पोराटोरांच्या तोंडात असतो, कुठल्या मंडळाचा डॉल्बी किती वाजला, कुणावर केस झाली वगैरे. मिरवणूक संपली की मीटर परत कपाटात. दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नरला बारा महिने जे चाललंय ते मोजायला कोण फिरकत नाही, कारण त्याला ना मंडळ ना अध्यक्ष, केस करणार कुणावर!

नियम मात्र रस्त्यालाही आहेच की. २००० सालच्या नियमात राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल, शांतता क्षेत्राला, म्हणजे हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या आसपास, त्याहून कमी, ५० आणि ४०. सीपीआर हॉस्पिटलसमोर जरा थांबून बघा, पुढची गाडी अडकली की मागचे सगळे हॉर्नवर, आणि पेशंट घेऊन आलेल्या ॲम्ब्युलन्सला त्या सगळ्यांच्या वर आवाज काढावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच की शहराचा आवाजाचा नकाशा, म्हणजे कुठं किती आवाज असतो ते दिसेल असा, करा आणि लोकांना दाखवा. त्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यावर मशीन बसवायला लागत नाही, कुठल्या रस्त्यावर किती गाड्या, त्यात ट्रक-बस किती, स्पीड काय, रस्ता कसा, दोन्ही बाजूच्या बिल्डिंगा किती उंच हे घालून कॉम्प्युटर हिशेब करतो आणि मग काही ठिकाणी खरं मीटर लावून ताळा बघायचा. युरोपात २००२ च्या कायद्यानं १ लाखावरच्या शहरांना हे दर ५ वर्षांनी करायला लागतं, आपण तर २०११ च्या जनगणनेतच साडेपाच लाखाच्या घरात होतो. फक्त तिकडची सूत्रं जशीच्या तशी उचलू नका राव, त्यात हॉर्न धरतच नाहीत, आणि आपल्याकडं हॉर्न काढला तर उरतंय काय?

दुसरं म्हणजे नुसती सरासरी काढून गप्प बसू नका. रात्री दोनला फटाका सायलेन्सरची एक बुलेट राजारामपुरीतनं गेली तर अख्खी गल्ली जागी होते पण रात्रभराच्या सरासरीत ती कुठं दिसतही नाही, म्हणून रात्रीचा नकाशा वेगळा पाहिजे आणि त्यात असे दणके किती आले ते पण पाहिजे, म्हणजे पोलिसांना नाका कुठं लावायचा ते तरी कळेल. मोबाईलच्या ॲपवर मीही बघतो, पण फोनचा आकडा मीटरशी ताडून घेतल्याशिवाय कोण धरणार.

गाड्या मोजायला विद्यापीठाची, कॉलेजची पोरं घ्या, प्रोजेक्ट होईल त्यांचा. आणि मोजणी उसाच्या हंगामात करा, कसबा बावड्याच्या रस्त्याला डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर टेप लावून चाललेले असतात तेव्हा. नाहीतर मे महिन्यात शाळा-कॉलेज बंद असताना मोजून सगळं ठीक आहे म्हणून रिपोर्ट द्याल.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर