तयारी रॅम्पच्या वर करा

संपादक महोदय,

३१ जुलैला मासेमारीबंदी संपते आणि हर्णैपासून मालवणपर्यंत बंदरांवर झुंबड उडते. दोन महिने शाकारून ठेवलेल्या होड्या एकदम पाण्यात लोटायच्या असतात. बर्फ, डिझेल, पाणी, जाळी, शिधा सगळे एकाच आठवड्यात चढवायचे असते. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबणारे थांबतात, पण त्यांचीही वेळ एकच येते. मग जेट्टी वाढवा, रॅम्प (होडी पाण्यात उतरवायचा काँक्रीटचा उतार) रुंद करा, ही मागणी सुरू होते. मागणी रास्त आहे. मात्र ट्रेलरवरची होडी पाण्यात जायला पाचेक मिनिटे लागतात आणि तीच होडी रॅम्पवर अर्धा तास उभी असते, याबद्दल कोणी बोलत नाही.

हा वेळ खाते ती उतारावर आल्यावर सुरू होणारी तयारी. रॅम्पच्या वर, रस्त्याकडेला गाडी उभी करून होडीच्या तळाच्या भोकाचे बूच घट्ट बसले का पाहावे. मागचे बांधलेले पट्टे सोडावेत, पण पुढची विंचची (दोर गुंडाळून होडी ओढायच्या चाकाची) दोरी होडी तरंगेपर्यंत सोडू नये. उतारावर तीच होडीला धरून ठेवते. मशीन, म्हणजे होडीच्या मागे लावलेले इंजिन, वर उचलून अडकवावे, म्हणजे पंखा काँक्रीटला घासणार नाही. इंधनाची नळी जोडावी. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला एक आणि मागे एक असे दोन लांब दोर बांधून तयार ठेवावेत. सामान वरच भरावे. पाण्यात बुडणारे ट्रेलरचे दिवे गाडीपासून सोडवावेत आणि लांबून आला असाल तर चाकांना थोडे निवू द्यावे. तापलेली चाके एकदम पाण्यात गेली की बेअरिंगमध्ये खारे पाणी ओढले जाते. एवढे झाल्यावरच खाली यावे. होडी तरंगली की एकाने दोर धरून ती बाजूला घ्यावी, दुसऱ्याने गाडी लगेच वर न्यावी. गाडी उतारावर थांबवावीच लागली तर गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि चाकाखाली लाकडी पाचर द्यावी.

बुचाचे पुन्हा सांगतो, कारण सर्वांत जास्त फजिती त्यानेच होते. सहा मीटर लांब, दीड मीटर रुंद होडीत चार बोटे पाणी शिरले तरी ते अर्ध्या टनाच्या आसपास भरते, आणि होडी जिकडे कलेल तिकडे ते पाणी धावते. अशी होडी रॅम्पच्या तोंडाशी बसली की मागच्या सगळ्यांचा दिवस गेला.

दुसरी गोष्ट भरतीची. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब अजून उपयोगी आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हा अंदाज, अचूक वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी. जड होडी उतरवायची तर पूर्ण भरतीच्या तास-दीड तास आधी, पाणी चढत असताना. अडकलीच तर पाणी तिला उचलते. ओहोटी लागल्यावर अडकलेली होडी पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे सुमारे साडेबारा तास, तिथेच पडते आणि रॅम्प बंद करते. उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) उतरणीला लागले असताना ऐन भरतीला वर बसलेली होडी तर पुढच्या उधाणापर्यंत, पंधरवडाभर, हलत नाही.

ओहोटीला रॅम्पचा खालचा भाग उघडा पडतो आणि तिथे हिरवे शेवाळ असते. चारही चाकांनी चालणारी गाडी असली तरी टायर तिथे धरत नाहीत. त्याच्याही खाली काँक्रीट संपते आणि बहुतेक ठिकाणी तिथे खड्डा असतो. हा खड्डा आपणच पाडतो. परतताना मशीनच्या जोरावर होडी ट्रेलरवर चढवली की पंख्याचा झोत काँक्रीटच्या टोकाखालची वाळू उडवून लावतो. पुढे कोणाच्या तरी ट्रेलरची चाके त्यात उतरतात आणि आस वाकतो. होडी दोराने आणि विंचने ओढून चढवावी. मिनिटे जास्त जातात, रॅम्प टिकतो.

पुळणीवरच्या होड्यांचे शिष्टाचार मच्छीमारांना सांगायची गरज नाही. दुसऱ्याची होडी लोटायला हात लावायचा, हे तिथे लहान मुलालाही ठाऊक असते. सांगायचे ते पाहुण्यांना. मदत जरूर करा, पण हाक एकाचीच ऐका, बाकीच्यांनी गप्प राहा. होडी सरकवायला खाली टाकलेल्या ओंडक्यांच्या पुढे पाय नको. मोकळा झालेला ओंडका उचलणारा बाजूने येतो, त्याची वाट अडवू नका. होडी पाण्यात जाऊन लाटेला आडवी झाली तर किनाऱ्याकडच्या बाजूला उभे राहू नका. पुढची लाट सबंध होडी अंगावर आणते. मोबाइलवर चित्रण करणारे नेमके तिथेच उभे असतात. ट्रॅक्टर किंवा जीप वाळूत नेणाऱ्यांनी वेळास-आंजर्ल्याकडे साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत भरतीच्या रेषेच्या वर चाक घालू नये. कासवांची घरटी तिथेच असतात आणि चाकाखाली वाळू दाबली जाते.

जेट्टीवर आधी मासळी उतरवणाऱ्याला जागा, मग बर्फ-डिझेल भरणाऱ्याला, हा क्रम पाळला तर निम्मी भांडणे मिटतील. मासळी थांबत नाही, डिझेल थांबते. माल उतरला की नौका बाहेर काढून नांगरावर न्यावी. जाळी शिवणे, मशीन खोलणे, जेवण ही धक्क्यावरची कामे नव्हेत. नौका एकीला एक लागून असतील तर मधल्या बाजूंना टायर सोडावेत, शेजारच्या नौकेवरून जाताना पुढच्या भागातून जावे आणि जाळ्यावर पाय देऊ नये. दोर बांधायच्या खुंट्यावर आधीच कोणाचा फास असेल तर आपला फास त्याच्या फासातून खालून वर काढून मग खुंट्यावर टाकावा. असे केले की दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला न उठवता आपला दोर सोडू शकतो. नुसता वरून टाकला की खालचा अडकतो, आणि पहाटे घाईत असलेला माणूस कोयता काढतो. त्या कापलेल्या नायलॉनचे तुकडे पाण्यात जातात आणि कोणाच्या तरी पंख्याला गुंडाळतात.

भरतीला बांधताना दोर ताणून बांधू नये. मुंबईकडे उधाणात पाण्याची पातळी चार मीटरच्या आसपास खालीवर होते, मालवण-वेंगुर्ल्याकडे साधारण त्याच्या निम्मी. तेवढीही होडी लटकवायला पुरते. आखूड सरळ दोरापेक्षा पुढे आणि मागे तिरके नेलेले लांब दोर बरे.

वजन भरताना जड ते तळाला आणि मध्यावर, दोन्ही बाजूंना सारखे. दोनशे लिटरचे डिझेलचे पिंप रिकाम्या पिंपाचे वजन धरून १८५ किलोच्या आसपास जाते. ते काठावर ठेवून मग सरकवणे म्हणजे कलण्याला आमंत्रण. मोकळे राहिले तर लाटेत ते स्वतःच सरकते, म्हणून बांधावे. पेट्रोलचा कॅन होडीत ठेवून भरू नये, धक्क्यावर उतरवून जमिनीवर ठेवून भरावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. त्या वेळी मशीन बंद आणि विडी दूर.

प्रवाशांबाबत थोडक्यात. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी असो की जंजिऱ्याची, उतरणारे आधी उतरू द्यावेत. होडी पुढे-मागे दोन्ही दोरांनी धरली आणि मशीन न्यूट्रलमध्ये आले की मगच पाय टाकावा, तोही काठावर नव्हे, मध्यावर. सामान हातोहात द्यावे, हात मोकळा ठेवावा. लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालून बकल लावावे. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला जंगल जेट्टीवर (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर) रात्री गाडी चढवताना मोठे दिवे बंद करा. समोर हात दाखवणाऱ्याला काही दिसत नाही. आत गाडी लागली की इंजिन बंद, गिअर आणि हँडब्रेक.

बंदर खात्याकडे आणि मच्छीमार सोसायट्यांकडे दोनच मागण्या आहेत आणि दोन्हींना खर्च नगण्य. प्रत्येक रॅम्पच्या तोंडाशी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळांचा फळा लावावा. आणि जिथे काँक्रीट संपते, तिथे दोन्ही कडांना भरतीतही पाण्यावर दिसतील असे रंगवलेले खांब रोवावेत. ऑगस्टपूर्वी हे झाले तर उत्तम.

– एक बंदरकर वाचक, जि. रत्नागिरी