सोमवारी बसण्याआधी वाच

प्रिय मुक्ता,

काल बाबांच्या आवाजावर जाऊ नकोस. मेसमधल्या वेगळ्या टेबलांविरुद्ध तू सोमवारी बसणार, हे त्यांना पटलेलंच आहे. पण तुझ्या शेजारी कोण बसणार, हे मात्र तू सांगितलंच नाहीस.

मी वर्गात अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातलं आंदोलन शिकवते, तेव्हा मुलं 13 फेब्रुवारी 1960 ही तारीख लिहून घेतात. त्या दिवशी कृष्णवर्णीय विद्यार्थी दुकानांतल्या ‘फक्त गोऱ्यांच्या’ लंच काउंटरवर जाऊन बसले. आधीच्या तयारीविषयी कुणी विचारत नाही. आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात काही वर्षं काढून, गांधी समजून घेऊन परतलेले जेम्स लॉसन 1958 पासून तिथे कार्यशाळा घेत होते. अर्धी मुलं गुंडांचं सोंग घ्यायची. शिव्या द्यायची, ढकलायची, तोंडावर धूर सोडायची. उरलेल्यांनी डोकं कसं झाकायचं, पडलेल्यावर आडवं होऊन मार कसा वाटून घ्यायचा, हे शिकायचं. नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांनी दोन दुकानांत चाचणीही केली : बसायचं, नम्रपणे विचारायचं, नकार ऐकून उठायचं.

या सगळ्यांची प्रमुख होती डायान नॅश, वय 21, फिस्क विद्यापीठाची विद्यार्थिनी. आपण घाबरलो होतो, हे तिने पुढे स्वतःच सांगितलंय. नियम लेखी होते : उलट मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, मोठ्याने हसायचं नाही, ताठ आणि काउंटरकडे तोंड करून बसायचं, प्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. आधी दुकानात काहीतरी विकत घ्यायचं, मग बसायचं. इथे पैसे चालतात आणि तिथे माणूस चालत नाही, हे आपोआप उघडं पडतं. 27 फेब्रुवारीला मारहाण झाली आणि अटक मार खाणाऱ्यांनाच झाली. एक तुकडी नेली की दुसरी तिच्या जागेवर येऊन बसायची. तुमची दुसरी तुकडी कुठे आहे, मुक्ता?

पुन्हा तेच विचारतेय, माहितेय. शिकवायला लागले की मला थांबता येत नाही, राग मानू नकोस. तुझा अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी तुझा दमा आठवतो.

एक गोष्ट मात्र ऐकच. 19 एप्रिलला त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा हजारो लोक महापौरांच्या कार्यालयाकडे गप्प चालत गेले. नॅशने महापौर बेन वेस्ट यांना भाषण ऐकवलं नाही. केवळ रंगावरून भेदभाव करणं योग्य आहे का, असा थेट प्रश्न विचारला. नाही, असं त्यांना सर्वांदेखत म्हणावं लागलं. 10 मे रोजी काउंटर कृष्णवर्णीयांसाठी उघडले. त्याआधी कित्येक आठवडे कृष्णवर्णीय बायकांनी त्या दुकानांतली खरेदी बंद ठेवली होती, हेही त्यात आलं. तुम्हीसुद्धा प्रश्न थेट ठेवा, आणि तो कुणी विचारायचा ते आधी ठरवा.

रविवारपर्यंत मला तिघींचे नंबर हवेत : तुझ्या डावीकडची, उजवीकडची, आणि जी बसणार नाही, बाहेर थांबून फोन करेल ती. इन्हेलर बॅगेत नको, खिशात ठेव. बाबांना मी सांगते.

तुझी,
आई