ती गुलदार वेगळी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

'गुलदार'वरचा कालचा लेख वाचला. सिंधुदुर्गातल्या निवतीच्या खडकांजवळ पर्यटकांना पाहता यावी म्हणून समुद्रतळाशी ठेवण्यासाठी महाराष्ट्राकडे आलेल्या, सैन्य आणि रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या या निवृत्त नौदल नौकेला आपण अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. पण लेखाचा कणाच चुकला आहे. डिसेंबर 1971 च्या युद्धात आजच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला जवान उतरवायला गेलेली गुलदार ती ही नव्हेच. ही नौका नौदलात आली 1985 साली. युद्ध संपल्यावर चौदा वर्षांनी दाखल झालेल्या जहाजाला आपण त्या युद्धात लढवले आहे.

नौदलात जुनी नावे नव्या नौकांना देण्याची रीत आहे. मगर दोन, घडियाल दोन, शार्दूल दोन, केसरी दोन, तशाच गुलदारही दोन. पहिली 1966 च्या सुमारास सोव्हिएत संघाकडून आली, लांबी सुमारे 73 मीटर. दुसरी पोलंडमधल्या ग्डिनियाची, लांबी सुमारे 84 मीटर, पेनंट नंबर (नौदलातला ओळख क्रमांक) एल 21. घोटाळा टाळायला हा नंबर पुरे. तो नौकेच्या अंगावरच रंगवलेला असतो.

कॉक्स बाजारचा प्रसंग लेखात दोन ओळींत 'यशस्वी उतरण' म्हणून उरकला आहे. ते वाचून राहवले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पळणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची ब्रह्मदेशाकडची वाट अडवायची, हा हेतू होता. गोरखा पलटणीचे जवान 'विश्व विजय' या व्यापारी जहाजातून आले आणि भर समुद्रात घडियाल व गुलदारवर घेतले गेले. सराव नव्हता, किनाऱ्याची नीट पाहणी नव्हती. नौका वाळूच्या बांधाला टेकली तेव्हा किनारा आला असे वाटले, पण बांध आणि खरा किनारा यांच्यामध्ये पाण्याची खोल पन्हळ होती. नौकेच्या पुढच्या टोकाला उघडणाऱ्या उतरंडीवरून, म्हणजे रॅम्पवरून उतरलेले जवान पाठीवरच्या ओझ्यासकट त्यात गेले आणि काही बुडाले. उतरण थांबवावी लागली, उरलेल्यांना नंतर स्थानिक होड्यांतून किनाऱ्यावर न्यावे लागले. याला यशस्वी म्हणणे हा बुडालेल्या जवानांवर अन्याय आहे.

हे का घडते, ते लेखात यायला हवे होते. अशा नौकेचा तळ सपाट असतो आणि तरंगायला पुढच्या टोकाला पाणी कमी, मागे जास्त लागते. एल 21 ला पुढे साधारण 1.3 मीटर, मागे 2.6 मीटर. म्हणजे तळाचा उतार साधारण पासष्टास एक. किनारा याहून सपाट असेल तर मागचा भाग आधी टेकतो आणि रॅम्प खोल पाण्यातच उघडावा लागतो. किनारा जास्त उताराचा असेल तर फक्त नाळ, म्हणजे पुढचे टोक, टेकते आणि मागचा भाग लाटांवर हलत राहतो. म्हणून आधी तोल सांभाळणाऱ्या बॅलास्ट टाक्यांतले पाणी इकडेतिकडे करून नाळ उचलून घेतात. मग चढत्या भरतीवर, पूर्ण भरतीच्या थोडे आधी, अगदी हळू किनाऱ्याकडे निघतात. ऐन भरतीला टेकलात तर निघणे अवघड, कारण त्यानंतर पाणी फक्त उतरत जाते. वाटेतच मागचा नांगर टाकून त्याचा दोर सोडत जायचे. परतताना तोच दोर विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढून नौका मागे घ्यायची असते. आणि तो नांगर नसेल तर लाटा नौकेला आडवी करून किनाऱ्यावर लोटतात. माल उतरत असताना इंजिने मंद गतीने पुढेच चालू ठेवतात, म्हणजे नाळ दाबून राहते. रणगाडे उतरले की पुढचा भाग हलका होतो, पुन्हा टाक्यांचा हिशेब. त्यात उथळ पाण्यातली वाळू इंजिन थंड ठेवणाऱ्या समुद्राच्या पाण्याबरोबर आत खेचली जाते, गाळण्या तुंबतात आणि इंजिन तापते. हे सगळे जमले तरी समोरच्या पन्हळीचा पत्ता आधी पाहणी केल्याशिवाय लागत नाही.

या एल 21 ला उसन्या पराक्रमाची गरजच नाही. चीता, गुलदार आणि कुंभीर या तिघी बहिणी 12 जानेवारी 2024 रोजी पोर्ट ब्लेअरला सूर्यास्ताच्या वेळी एकदमच निवृत्त झाल्या. अंदमान-निकोबारच्या बेटांवर सैन्य आणि सामान चढवण्या-उतरवण्यासाठी या तिघींनी मिळून 1,300 हून अधिक वेळा किनारा गाठला, सुमारे 17 लाख नॉटिकल मैल अंतर कापले. श्रीलंकेतल्या शांतिसेनेच्या काळात त्या कामाला होत्या, 2004 च्या त्सुनामीनंतरच्या मदतकार्यातही होत्या. जेट्टी मोडून पडलेल्या बेटावर थेट वाळूला लागणारी नौका काय मोलाची, हे अंदमानातल्या लोकांना सांगावे लागत नाही. यातले एक अक्षरही आपल्या लेखात नाही!

आणखी एक. लेखासोबतचा फोटोही गुलदारचा नाही. ज्या जहाजाच्या पाठीमागे हेलिकॉप्टरसाठी प्रशस्त डेक दिसतो आहे, ती मगर वर्गातली नौका आहे, सव्वाशे मीटर लांबीची. गुलदारची केबिन आणि नौका हाकायच्या कक्षाची सगळी इमारत मागच्या टोकाकडे आणि पुढे रणगाड्यांचा लांब भाग. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर शाळकरी मुलगाही फरक ओळखेल.

मला खरी काळजी आहे ती पर्यटकांसाठी लागणाऱ्या माहितीफलकाची. असे फलक लिहिताना वर्तमानपत्रातली कात्रणे समोर ठेवली जातात आणि एकदा कोरलेला मजकूर वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्यामुळे दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी: पेनंट नंबर एल 21, दाखल 1985, निवृत्त 12 जानेवारी 2024, सेवा मुख्यतः अंदमान-निकोबारमध्ये. कॉक्स बाजारचा उल्लेख हवाच असेल तर 'याच नावाची आधीची नौका' असे स्पष्ट लिहून, बुडालेल्या गोरखा जवानांसकट करावा.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ले