सुऱ्या, बबनच्या घराबद्दल

प्रिय सुऱ्या,

बबनला टीबी निघाला. थुंकीत जंतू सापडले, मंगळवारपासून गोळ्या सुरू झाल्यात. फोन केला असता तर 'होईल रे बरा' म्हणून तू विषय मिटवला असतास, म्हणून लिहायला बसलो. बातमी गावभर झाली आहे, पण टीबी झाल्यावर तुमच्या पडवीत काकूंची, तुझ्या आईची, खाट वेगळी असायची आणि त्यांचं ताट कुठल्या कोनाड्यात असायचं, हे आठवणारे आपण दोघंच उरलो.

मी बरा आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो.

गोळ्या देण्याआधी आरोग्य केंद्रात बबनचं वजन केलं. चपला काढल्या, स्वेटर काढला, खिशातल्या किल्ल्यासुद्धा माझ्या हातात दिल्या आणि काट्यावर चढला. ४३ किलो! साडेपाच फुटांचा माणूस. या गोळ्या वजनावर ठरतात, ३५ ते ४९ किलोला रोज तीन, तसं सिस्टरनी कार्डावर लिहिलं. आपण त्याला जन्मभर काडी म्हणत आलो. कबड्डीत काडी कुणाच्या हाती लागायची नाही, त्याचं केवढं कौतुक होतं आपल्याला!

त्याच रात्री त्याचा फोन. "दत्त्या, मुतातून रक्त जातंय रे, मी संपलो!" या औषधाने लघवी भगवी होते, हे सिस्टरनी दोनदा सांगितलं होतं. पाठीमागे वहिनी हसत होती. दिवाळीपासून तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

आता आपलं जुनं भांडण. होस्टेलवर तू ताट आपटून म्हणाला होतास, रोगाने माणूस वाळतो, वाळल्याने रोग होत नाही. पहिलं खरंच आहे, टीबी माणसाचं मांस उतरवतो. पण दुसरंही तितकंच खरं आहे. धडधाकट असताना ज्यांची वजनं घेतली, त्यांच्याकडे पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवून पाहिलंय. उंचीच्या मानाने वजनाचा तो बीएमआय काढतात ना, तो एका अंकाने जास्त असला की टीबीचा धोका साधारण १४ टक्क्यांनी कमी. जंतू कितीतरी जणांच्या अंगात निपचित पडलेला असतो. पोटाची आबाळ झाली की शरीराचा त्याच्यावरचा धाक जातो. कुणाचा तरी उष्टा चहा प्यायली म्हणून हिला झालं, असं तुझे वडील म्हणायचे. सुऱ्या, काकू सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायच्या. तू पाहिलंयस, मीही पाहिलंय.

तेच मला बबनच्या घरी दिसतंय, आणि झोप लागत नाही. बबनला अंडी, शेंगदाणे, दूध सगळं चालू आहे. वहिनी मात्र भाकरी चहात बुडवून उठते. मी मागे लागून तिलाही काट्यावर उभं केलं. ३६ किलो. तिच्या पाच फूट उंचीला निदान ४३ तरी हवं. तिचा एक्स-रे साफ आला, आशाताई टीबी होऊ नये म्हणूनच्या गोळ्याही देऊन गेल्या. पण रोज खोकणाऱ्या माणसाच्या उशाशी बसणारी बाई ३६ किलोची असावी?

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांनी घरच्यांनाही खाऊ घातलं तर काय होतं, नेमकं हेच करून पाहिलं. रुग्णांना तर शिधा दिलाच, पण काही रुग्णांच्या घरच्यांनाही माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली. ज्या घरांत हे धान्य गेलं, तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि थुंकीत जंतू सापडणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीचं जवळपास निम्म्यावर आलं. डाळतांदळाने, सुऱ्या! रुग्णांचंही तसंच. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांचा मरणाचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. म्हणजे बबनला दोन किलोंहून थोडे जास्त चढवायचे आहेत. ते मी चढवतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिंगीची बारावी यंदाच ना? आणि पोट सुटलंय म्हणून आपल्याला टीबीची भीती नाही असं समजू नकोस. साखर असली की धोका दोन-तीन पट होतो. तुझी साखर तपासून कळव, टाळू नकोस.

सरकारचे महिन्याला हजार रुपये बबनच्या खात्यात येतील, ते त्याच्या खाण्यालाच पुरणार नाहीत. निक्षय मित्र, म्हणजे टीबीच्या रुग्णांना मदत करणारा माणूस, म्हणून सरकारकडे नाव नोंदवलं की घरच्यांनाही शिधा देता येतो. मी नोंदवतोय, तूही नोंदव. वहिनी आणि दोन पोरांची डाळ, शेंगदाणे, तेल आपण दोघं वाटून घेऊ, बबन बरा झाल्यानंतरही काही महिने. आणि रविवारी वहिनीला फोन कर. माझं ती हसण्यावारी नेते, पण तुला राखी बांधते, तुझा शब्द मोडणार नाही. बबनबरोबरच ताट वाढून घ्यायचं आणि एक अंडं स्वतःच्या ताटात घ्यायचं, एवढं तिच्याकडून कबूल करून घे.

तुझा,
दत्ता